डिझेल इंजिन पेट्रोलच्या हिशोबाने बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
सागरी इंजिन विभाग

विषय : ९ मीटर लांबीच्या तीन फायबर बोटींवर बसवलेली ५५ अश्वशक्तीची डिझेल इनबोर्ड इंजिने, त्यांची सदोष जोडणी आणि नाकारलेली वॉरंटी.

संदर्भ : 'वापरकर्त्याने इंजिनावर सतत जादा भार टाकला' असे कारण देऊन वॉरंटी नाकारणारे आपले पत्र.

महोदय,

इंजिनासोबत दिलेल्या मराठी देखभाल पुस्तिकेच्या सातव्या पानावर आपण लिहिले आहे, 'दर १०० तासांनी स्पार्क प्लग काढून साफ करावेत.' आपण विकलेले इंजिन डिझेलचे आहे. त्यात स्पार्क प्लग नसतो. छपाईतली चूक म्हणून हे सोडून दिले असते, पण इंजिने बसवायला मालवणात आलेल्या आपल्या माणसांनी तीच चूक पाना-पक्कड हातात घेऊन तिन्ही बोटींवर केली आहे. ४०-४० अश्वशक्तीचे दोन पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली इंजिने) उतरवले, डिझेल इंजिन आत ठेवले आणि बाकी सगळे पेट्रोलच्या सवयीने जोडून ते निघून गेले. खालच्या सर्व तक्रारींचे मूळ एवढेच आहे.

आधी पंख्याचे (प्रोपेलरचे) बोलू, कारण वॉरंटी त्यावरच अडली आहे.

आपले इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांचे, गिअर २:१, म्हणजे शाफ्टला १५०० फेरे. जाळी, बर्फ आणि माणसे धरून बोटीचे वजन ५ टनांच्या आसपास जाते. त्यावर आपण १८ बाय १५ चा, म्हणजे १८ इंच व्यासाचा आणि १५ इंच पिचचा पंखा चढवला. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने पुढे सरकायचे अंतर. १५ इंच पिच आणि १५०० फेरे म्हणजे घसर (पाण्यात वाया जाणारी चाल) अजिबात नसती तर १८.५ नॉट, आणि ४० टक्के घसर धरली तरी ११ नॉट. भरलेली ९ मीटरची बोट ५५ अश्वशक्तीवर ११ नॉट धावत नाही, ती नऊच्या आसपास थांबते. न मिळणाऱ्या वेगाचा पंखा लावला की इंजिन फेऱ्यांना मुकते. तिन्ही बोटींवर पूर्ण रेस दिल्यावर फेरे अनुक्रमे २३८०, २४१० आणि २३६० मिळाले. पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून, ऑप्टिकल टॅकोमीटरने, सपाट पाण्यात, जाताना आणि येताना असे दोन्ही वेळा मोजले आहे.

आपल्या तंत्रज्ञाच्या अहवालात मात्र 'फेरे ३०००, पंखा योग्य' अशी नोंद आहे. तो आकडा पॅनलवरच्या मीटरचा आहे. पेट्रोल इंजिनात मीटरला इग्निशनचे ठोके मिळतात, म्हणून सिलिंडरांची संख्या सेट केली की काम होते. डिझेलमध्ये हा संकेत अल्टरनेटरच्या (बॅटरी भरणाऱ्या जनित्राच्या) 'डब्ल्यू' टोकावरून घेतात. त्यासाठी अल्टरनेटरचे पोल आणि दोन पुलींच्या व्यासांचे गुणोत्तर मीटरमध्ये बसवावे लागते. ते कोणीच बसवले नाही. तिन्ही मीटर २४०० ला ३००० दाखवतात, आणि त्याच आकड्यावर आपण आमची वॉरंटी निकालात काढली.

पेट्रोल इंजिनावर पंखा जड झाला तर काय होते, हे आपल्या माणसांना नक्कीच माहीत असणार : बोट सुस्तावते, इंजिन चढत नाही, चालवणारा समजतो. थ्रॉटल हवेवर असल्यामुळे जेवढी हवा तेवढेच पेट्रोल आत जाते. डिझेलमध्ये रेस म्हणजे गव्हर्नरला (फेरे सांभाळणाऱ्या यंत्रणेला) दिलेला हुकूम : 'एवढे फेरे ठेव.' फेरे कमी दिसले की गव्हर्नर रॅक (डिझेलचे माप ठरवणारी पट्टी) शेवटपर्यंत ओढून पूर्ण डिझेल सोडतो. फेरे कमी असल्याने हवा मात्र तेवढी येत नाही. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते, एक्झॉस्टचे तापमान चढते, नोझलच्या टोकावर आणि पिस्टनच्या खळग्यात कार्बन बसतो. पुढची पायरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची. पहिल्या बोटीत ४१० तासांना तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन २० बार आले, बाकीच्यांचे २८ ते २९. हेड उघडल्यावर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला खाल्लेला निघाला. दुसऱ्या बोटीची हेड गॅस्केट ३८५ तासांना गेली. इंजिनावर जादा भार होता, हे आपले म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. तो भार आपण १८ बाय १५ आकाराचा पाठवला होता, बिलावर त्याची वेगळी ओळही आहे.

याच इंजिनाला १७ बाय १२ चा पंखा हवा. पूर्ण भरलेल्या बोटीवर, पूर्ण रेसला, ३००० किंवा त्याहून थोडे जास्त फेरे मिळाले तरच डिझेलचा पंखा बरोबर. रिकाम्या बोटीवर जेट्टीजवळ दहा मिनिटे फिरवून ते कळत नाही.

इंधनाची जोडणी त्याहून वाईट आहे.

पेट्रोल आउटबोर्डला टाकीतून एकच नळी येते. डिझेलला दोन लागतात, कारण पंप गरजेपेक्षा बरेच जास्त डिझेल ओढतो, त्याने स्वतःला थंड व वंगणयुक्त ठेवतो आणि उरलेले परत पाठवतो. आपल्या माणसांनी टाकीला दुसरे छिद्र पाडण्याचा त्रास वाचवला आणि रिटर्नची नळी 'टी' लावून फिल्टरच्या तोंडाशीच जोडली. तेच गरम डिझेल पुन्हा पुन्हा फिरते आणि हवेच्या बुडबुड्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत बुडबुडा आपोआप निघून जातो. डिझेलचे नोझल दीड-दोनशे बारला उघडते, आणि हवा दाबली जाते पण तेवढा दाब होऊ देत नाही. म्हणून ही इंजिने तासा-दीड तासाने अडखळतात. मग समुद्रात हलत्या बोटीवर फिल्टरवरचा बोल्ट सैल करा, हातपंप मारून फेस जाईपर्यंत डिझेल काढा, तो आवळा, पंपावरचा बोल्ट सैल करा, पुन्हा तेच, शेवटी नोझलच्या दोन नळ्यांचे नट अर्धा फेरा सोडून स्टार्टर मारा. वाऱ्याने बोट खडकांकडे सरकत असेल तर हे वीस मिनिटांचे काम फार लांबते.

टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची दिली आहे. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा चिकटा तयार होतो आणि तो फिल्टर व नोझलमध्ये जाऊन बसतो. डिझेलच्या टाकीत आतून जस्त नको आणि जोडणीत तांबेही नको. साधा काळा पत्रा, सागरी दर्जाचे ॲल्युमिनियम, स्टेनलेस किंवा फायबर चालते. तळाला निचऱ्याचा कॉकही नाही. पेट्रोलच्या टाकीला तळाशी तोंड ठेवत नाहीत हे बरोबरच, गळती झाली तर बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) वाफ साठते. डिझेलच्या टाकीला मात्र तो कॉक हवाच, कारण रात्रीच्या गारव्याने आत धरलेले पाणी तळाशी बसते. तेच पाणी पंपात गेले की पंप गंजून जाम होतो, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर बुळबुळीत शेवाळासारखा थर वाढतो. पाणी वेगळे करणारा, काचेच्या वाटीचा पहिला फिल्टर आपण दिलेला नाही. आउटबोर्डचा एकच काडतुसासारखा फिल्टर दिला आहे. टाकीनंतर १० ते ३० मायक्रॉनचा वाटीवाला आणि इंजिनावर त्याहून बारीक, असे दोन हवेत.

इंजिन बंद करण्याची सोय हा तर कळसच. पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली की थांबते. डिझेल थांबवायला डिझेलच तोडावे लागते, त्यासाठी स्टॉप सोलेनॉइड किंवा साधी ओढायची केबल असते. किल्ली फिरवून इंजिन थांबेना तेव्हा आपल्या तंत्रज्ञाने खलाशांना 'मास्टर स्विच बंद करा' असे शिकवले. त्याने चालू अल्टरनेटरचा बॅटरीशी जोड तुटतो, व्होल्टेज उसळते आणि डायोड जळतात. दोन अल्टरनेटर असे गेले. इंजिन तरीही थांबले नाही, हे वेगळे सांगायला नको.

स्टार्टरची केबल १६ चौरस मिलिमीटरची, पेट्रोलच्या दिवसांतली, तशीच ठेवली. बॅटरी ते स्टार्टर जाऊन-येऊन ८ मीटर. २८० अँपिअर ओढताना त्या केबलमध्येच अडीच व्होल्ट जातात. ५० चौरस मिलिमीटरची असती तर जेमतेम ०.८ गेले असते. डिझेलला हवा दाबून तापवायची असते, त्यामुळे स्टार्टर मंद फिरला की पांढरा धूर येतो आणि इंजिन लागत नाही. 'बॅटरी बदला' हा आपल्या मदत-क्रमांकावरचा सल्ला तीनदा पाळून झाला आहे.

हवेचेही तसेच. इंजिनाच्या पेटीला ५० मिलिमीटरच्या दोन नळ्या, म्हणजे ३९ चौरस सेंटिमीटर. अश्वशक्तीला ३.३ ने भागून येणारे चौरस इंच हा प्रचलित किमान ठोकताळा लावला तर ५५ ला सुमारे १०८ चौरस सेंटिमीटर हवेत. त्यातल्या एका नळीला आपण बाहेर हवा फेकणारा ब्लोअर जोडला आणि 'इंजिन चालू असताना सतत चालवा' असे सांगितले. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ सुटण्याचे तापमान) उणे ४३ अंशांच्या आसपास, म्हणून तिथे सुरू करण्यापूर्वी चार-पाच मिनिटे ब्लोअर लावून बिल्जमधली वाफ काढतात. आपल्याकडच्या हायस्पीड डिझेलचा किमान फ्लॅश पॉइंट ३५ अंश. इथे धोका वाफेचा कमी आणि इंजिन गुदमरण्याचा जास्त. पेटीचे झाकण उघडून पूर्ण रेस द्या : फेरे ७० ते ८० ने चढतात आणि धूर डोळ्यांना कमी दिसतो. यापेक्षा स्वस्त चाचणी नाही.

ऑईलबद्दल थोडक्यात. पुस्तिकेत एफसी-डब्ल्यू १०डब्ल्यू-३० लिहिले आहे. ते चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्डचे प्रमाण आहे, त्यात डिझेलची काजळी धरून ठेवण्याची ताकद नसते. इथे सीआय-४ या डिझेल दर्जाचे १५डब्ल्यू-४० हवे. शाफ्टची अलाइनमेंट (इंजिन व शाफ्ट एका रेषेत आणणे) बोट किनाऱ्यावर असताना केली, ती बोट एक दिवस पाण्यात राहिल्यावर पुन्हा तपासायची असते. १०० मिलिमीटरच्या फ्लँजला (गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकतीला) चारही बाजूंनी ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. आमच्याकडे ०.४ निघाली.

आता माहितीपत्रकातल्या 'तोच वेग, अर्धे इंधन' या वाक्याबद्दल. अर्धे इंधन बरेचसे खरे आहे : ७ नॉटला पेट्रोलची जोडी ताशी ९ लिटर घ्यायची, डिझेल ५ घेते. तोच वेग मात्र खोटा. रिकाम्या बोटीवर ८० अश्वशक्तीचे हलके पेट्रोल १५ नॉट द्यायचे. गिअरसह ३०० किलोच्या पुढे जाणारे ५५ चे डिझेल ते देणार नाही, आणि कोणीही जाणकार तसे सांगणार नाही. दिवसाला आठ-दहा तास जाळ्यांवर राहणाऱ्या बोटीला डिझेलच परवडते, शिवाय मच्छीमार संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. पर्यटकांना किल्ल्यावर नेऊन आणणाऱ्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांना पेट्रोल आउटबोर्डच बरा. हे गिऱ्हाइकाला विकण्यापूर्वी सांगायचे असते.

आमची मागणी अशी. तिन्ही बोटींना १७ बाय १२ चे पंखे आपल्या खर्चाने द्यावेत आणि भरलेल्या बोटीवर, आमच्या टॅकोमीटरने, चाचणी द्यावी. रिटर्न थेट टाकीत न्यावी, टाक्या, फिल्टर, स्टॉप सोलेनॉइड आणि स्टार्टर केबल बदलून द्याव्यात, हवेची वाट मोठी करावी, अलाइनमेंट बोट पाण्यात असताना करून द्यावी. पहिल्या बोटीचे हेड, दुसरीची गॅस्केट आणि दोन अल्टरनेटर यांचा खर्च परत करावा. जळलेला व्हॉल्व्ह व जुने पंखे आम्ही जपून ठेवले आहेत, ते आपल्या ताब्यात पोचपावतीशिवाय देणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाऊ. 'व्यावसायिक वापर' हे कारण पुढे करण्यापूर्वी कलम २(७) चे स्पष्टीकरण वाचावे. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे.

आपले,
तीन बोटींचे मालक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत :
१. फेरे, कॉम्प्रेशन आणि व्होल्टेज यांच्या नोंदी, तिन्ही बोटी
२. पंख्यांच्या बिलाची प्रत
३. रिटर्न नळीच्या 'टी'चे आणि जळलेल्या व्हॉल्व्हचे फोटो
४. देखभाल पुस्तिका, पान ७