दिवाळीत तोरणमाळला ये

चोपडा
श्रावण वद्य पंचमी

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, दिवाळीत पोरांना घेऊन महाबळेश्वरला जावं की सापुताऱ्याला. मी आपल्या सातपुड्यातलं तोरणमाळ म्हटलं, तर तू म्हणालास, "तिथे आहे काय बघायला?" तेव्हा पोरांचा गलका चालला होता, बोलणं राहून गेलं. म्हणून सविस्तर लिहितोय. आम्ही नुकतेच सगळे जाऊन आलो आणि अजून मन तिथेच आहे.

कानबाई देवीचं विसर्जन झालं, तिच्या नैवेद्याचे रोट संपले, निंदणीही आटोपली होती. आई म्हणाली, आता अण्णांना कुठेतरी घेऊन चल, घरात बसून बसून त्यांचा जीव उबगलाय. अण्णांना विचारलं तर एकच शब्द आला, "तोरणमाळ." पहाटे निघालो. अण्णा पुढे माझ्या शेजारी; मागे आई, आत्या, सौ. आणि पोरं. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. आत्याने पिशवीभर केळीचे वेफर्स घेतले होते, ते शिरपूर यायच्या आतच संपले.

रस्ता तुला माहीत आहे, आपला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर. पण या वेळी तो मला वेगळाच दिसला. चोपड्याहून पश्चिमेला निघालं की शहादा येईपर्यंत सातपुडा उजव्या हाताला असतो आणि तापी डाव्या हाताला, आणि आपण या दोघांच्या मधून चाललेलो असतो. आधी अनेर लागते, मग शिरपूरची अरुणावती, मग शहाद्याची गोमाई. प्रत्येक पुलावर अण्णा पोरांना विचारत, "पाणी कुठून आलं?" आणि पोरं उजवीकडे बोट करत. "जातं कुठे?" की डावीकडे. शाळेच्या नकाशात या नद्या पाहिल्या होत्या, पण सगळ्या एकाच डोंगरातून निघून एकाच तापीला मिळतात हे पुलामागून पूल ओलांडताना जसं कळलं, तसं पुस्तकात कळलं नव्हतं. पिकंही बदलत जातात. आपल्याकडे केळी, मग कपाशी, आणि शहाद्याजवळ आलं की पपई आणि ऊस. थाळनेरचा फाटा गेला तेव्हा आईने लगेच सांगितलं, हे लताबाईंचं आजोळ. ती हे दर वेळी सांगते आणि दर वेळी तितक्याच अभिमानाने.

शहाद्यात गाडीची टाकी भरून घेतली आणि उत्तरेला वळलो. म्हसावद, राणीपूर, आणि मग डोंगर सुरू. सुनील, लहानपणापासून आपण सातपुडा बघतो तो शेताच्या बांधावरून. निळी रेघ, पावसाळ्यात ढगात बुडालेली. पाऊस तिकडून येणार की नाही हे बघायला मान वर करायची, एवढाच आपला संबंध. त्या रेघेच्या आत गाव आहेत, मक्याची शेतं आहेत, शाळेत चाललेली पोरं आहेत, हे मी आत शिरल्यावर पाहिलं. उतारावर एकेक घर सुटं, आपापल्या शेतात. कुडाच्या भिंती, अंगणात कोंबड्या, आणि घराला लागून मक्याची हिरवीगार पट्टी.

सात पायरीचा घाट आला तसे अण्णा ताठ बसले. ते तरुणपणी महाशिवरात्रीला गावातल्या पोरांबरोबर पायी यात्रेला आले होते. गोरखनाथांच्या त्या यात्रेला खानदेशातून, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून लोक अजूनही चालत येतात, कित्येक जण अनवाणी. मला एवढं माहीत होतं की अण्णा गेले होते. पण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या घाटात ते आपणहून बोलायला लागले. पाय कसे फोड येऊन सुजले, रात्री शेकोटीभोवती कोण कोण झोपलं, कुणाचं धोतर काट्यात फाटलं. एका वळणावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. धुकं होतं, कड्यावरून पाण्याची बारीक धार रस्त्यावर येत होती. तिथल्या एका सपाट खडकाकडे बोट करून म्हणाले, "आठेच बठीसन भाकर खादी व्हती आम्हीन." खडक तोच होता की दुसरा, देव जाणे. आईने डबा उघडला आणि आम्हीही तिथेच भाकर खाल्ली. धाकटीला वळणांनी मळमळत होतं, तिलाही त्या गार हवेत बरं वाटलं.

वर पोचलो तेव्हा यशवंत तलाव दिसतच नव्हता. नुसता पांढरा पडदा. आणि मग वारा आला आणि पाणी हळूहळू उघडं पडत गेलं, आधी काठ, मग समोरची झाडं. तोरणमाळची उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात आपण पंचेचाळीस अंशांत भाजत असतो आणि सकाळी निघालं तर दुपारी पोचता येईल इतक्या अंतरावर ही जागा आहे, याचं मला खरोखर वाईट वाटलं. आपण पैसे साठवून दूरदूर जातो. आत्याने तर उतरल्या उतरल्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "किती गार शे वं माय!"

सीताखाईला धबधबा जोरात होता. दरी इतकी खोल आणि उभी की तळ धुक्यात दिसत नाही, फक्त पाण्याचा आवाज खालून येतो. पोरांचा हात सोडू नकोस तिथे, कडा निसरडा असतो. गोरखनाथांच्या मंदिरात अण्णा बराच वेळ बसले. मी काही विचारलं नाही.

पण मला सगळ्यात आठवतं ते दुपारचं जेवण. तलावाजवळ एका पावरा आदिवासी बाईच्या झोपडीवजा हॉटेलात सांगून ठेवलं होतं. ती मक्याची भाकरी तळहातावर थापत होती, परातीला हात न लावता, दोन्ही हातांत फिरवत फिरवत. गळ्यात चांदीची जाड हासळी, मनगटात चांदीचीच कडी, आणि प्रत्येक थापेला त्यांचा बारीक आवाज. मातीच्या तव्यावर भाकरी टाकली की कडा आधी पिवळ्या व्हायच्या, मग तपकिरी. सोबत उडदाची डाळ आणि लाल मिरचीची चटणी. आई तिच्याशी अहिराणीत बोलत होती, ती पावरीत उत्तर देत होती, आणि दोघींचं छान चाललं होतं. पाऊस किती झाला, मका कसा आहे, पोरी किती, कुठे दिल्या. निघताना तिने आमचूर आणून दाखवलं. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून खडकांवर वाळवतात; इथल्या अक्राणी तालुक्यातल्या कितीतरी घरांना त्याचाच आधार असतो. व्यापाऱ्याकडे जाण्याआधीच्या त्या फोडी तू बघ, पांढुरक्या, आणि जिभेवर ठेवली की डोळे मिटतात. आम्ही घासाघीस न करता घेतलं. तूही करू नकोस. एवढ्या कष्टाच्या मालाला ती सांगेल तो भाव द्यावा असं मला वाटतं.

रात्री गोधडी पुरेना. चोपड्याला त्या दिवशी पंखा लावून झोपले होते लोक, शेजाऱ्यांनी सांगितलं.

आता तुझ्या कामाचं. दिवाळीत धबधबा बारीक झालेला असेल, पण धुकं कमी आणि हवा स्वच्छ, त्यामुळे डोंगरांच्या रांगा लांबपर्यंत दिसतील. त्यांच्या पलीकडे नर्मदा. घाट उजेडातच चढायचा आणि उजेडातच उतरायचा, हॉर्न वाजवत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. पेट्रोल शहाद्यालाच भर. रोख पैसे आणि बॅटरी जवळ ठेव, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. राहायची सोय आधी ठरवावी लागते, ते मी बघतो. आणि काकूंना नक्की आण. चोपड्यात असताना त्यांनी इतकी वर्षं गच्चीवर पापड, बिबडे वाळत घातले ते सातपुड्याकडे तोंड करून. त्यांना गाडीत पुढे बसव. तू गाडी चालव, त्यांना बोलू दे.

भाऊबीजेनंतरचे दिवस मला बरे वाटतात. तुझ्या रजेचं काय ते आठवडाभरात कळव, म्हणजे खोल्या सांगून ठेवतो. वहिनींना म्हणावं, पोरांचे स्वेटर पुण्याहूनच आणा. अण्णाही परत यायचं म्हणताहेत.

तुझा,
गोकुळ