तोंडी ऑफरला किंमत काय?

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत अकरा वर्षे काढल्यावर कपातीच्या यादीत माझे नाव आले. नोटीस पीरियडमध्येच दुसऱ्या विभागाने मुलाखत घेऊन 'तुम्ही आमच्याकडेच' असे सांगितले. त्या भरवशावर बाहेरचे एक बोलावणे मी नाकारले. शेवटच्या आठवड्यात दोन ओळींचा मेल: भरती गोठवली आहे. महिन्याभरात त्याच पदाची जाहिरात झळकली!

औद्योगिक संबंध संहिता, 2020 नुसार कपातीनंतर वर्षभरात भरती झाल्यास कमी केलेल्या कामगारांना प्राधान्य आहे. पण मी पडलो मॅनेजर. हाताखाली माणसे दोन, तरी कायद्याच्या लेखी कामगार नाही. अंतर्गत ऑफर लेखीच द्यावी, एवढी सक्ती तरी कामगार खात्याने करावी.

- एक वाचक, वाकड, पुणे