मांडवीवरच्या जुन्या मोटारींची छायाचित्रे नोंद म्हणून काढली जावीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर रविवारी सायंकाळी जुन्या मोटारींचे मालक आपापल्या गाड्या घेऊन जमतात आणि त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी तरुणांची गर्दी होते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र बहुतेक छायाचित्रांत बॉनेटला टेकलेली व्यक्तीच तेवढी दिसते. गाडी कोणत्या सालची, कोणी घेतली, कोणत्या कामासाठी वापरली, हे त्यांतून कळत नाही. ही छायाचित्रे नोंद म्हणून काढली जावीत, एवढ्याचसाठी हे पत्र.

याची निकड आपल्या हवेमुळे आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गाडी नुसती उभी असली तरी तिचा पत्रा आतून कुजतो; आधी दारांचा खालचा काठ, मग मडगार्डची आतली बाजू, आणि रंगाला फोड दिसू लागेपर्यंत आतले बरेचसे गेलेले असते. नवे सुटे भागही मिळेनासे झाले आहेत. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अ‍ॅम्बॅसॅडर निघणे २०१४ मध्ये थांबले, कुर्ल्याला बनणारी पद्मिनी त्याच्याही कितीतरी आधी बंद झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. गणपतीला चाकरमान्यांना गावी घेऊन येणाऱ्या याच गाड्या होत्या, म्हणून त्यांची नोंद ठेवणे मला आपल्या जिल्ह्याचेच काम वाटते.

सायंकाळची वेळ त्यासाठी उत्तम आहे, पण ती नीट वापरली जात नाही. सूर्य वर असेपर्यंत क्रोमचे बंपर आणि हेडलाइटच्या कडा इतक्या तळपतात की बाकीची गाडी काळी पडते. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटे पश्चिमेचे सारे आकाशच मऊ प्रकाश देते आणि गाडीच्या अंगाची प्रत्येक वळणरेषा उठून दिसते; नेमक्या त्याच वेळी लोक कॅमेरे आवरून भेळेच्या गाड्यांकडे वळतात. हा प्रकाश अंगावर पडावा म्हणून मालकांनी गाडीची एक कूस समुद्राकडे ठेवावी आणि छायाचित्र त्या बाजूने काढावे. पोलरायझर फिल्टरने काचेवरचे व रंगावरचे प्रतिबिंब कमी होते, क्रोमवर मात्र त्याचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे उभे राहण्याची जागा बदलणे हाच उपाय. मोबाइलच्या रुंद भिंगाने अगदी जवळून काढल्यास अ‍ॅम्बॅसॅडरचे मुळातच गोल असलेले तोंड आणखी फुगते आणि मागचा भाग आक्रसतो, म्हणून चार-पाच पावले मागे जाऊन, हेडलाइटच्या उंचीइतके खाली बसून काढावे.

समोरचे एक छायाचित्र पुरेसे नाही. दोन्ही बाजू, मागची डिकी, डॅशबोर्ड, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, बॉनेटखालची कंपनीची पट्टी आणि ‘एमएच ०८’च्या आधीच्या काळातली नंबर प्लेट, हे सारे हवे, गंजलेला भागही हवा, तो लपवू नये. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले आणि आधीच नोंदलेल्या गाड्यांना जुना क्रमांक राखण्याची मुभा दिली, त्यामुळे त्या नंबर प्लेटलाही मोल आहे. चासी क्रमांक मात्र वहीत टिपावा, छापू नये. मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नये, कारण पट्ट्याच्या बकलाने पडलेला ओरखडा म्हणजे या हवेत गंजाला उघडलेली वाट असते. आणि मालक जे सांगतील, म्हणजे गाडी कधी घेतली, घाटात कुठे बंद पडली, पत्र्याचे काम कोणी केले, ते त्याच संध्याकाळी लिहून घ्यावे.

आपल्या दैनिकाने रविवारच्या अंकात अशा एका गाडीचे छायाचित्र चार ओळींच्या माहितीसह छापावे, अशी विनंती आहे. ज्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली अशी गाडी उभी आहे, त्यांनी ती मांडवीपर्यंत चालत येण्याजोगी नसली तरी छायाचित्रे काढू द्यावीत.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी