तुझा रिपोर्ट आणि माझी वही

प्रिय मित्रा,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. "मी आता किडनीचा पेशंट झालो का रे?" असं तू ज्या आवाजात विचारलंस, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. बारा वर्षांपूर्वी दादाला किडनी दिल्यावर पहिल्या तपासणीत माझ्याही रिपोर्टवर ईजीएफआरच्या, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याच्या, आकड्यापुढे असाच ठळक शेरा होता. तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. फोनवर मला नीट समजावता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुझा आकडा 58. तू ताईला एक किडनी देऊन आला आहेस हे लॅबला ठाऊक नसतं. साठच्या खाली आकडा गेला की शेरा छापला जातो. पण दान करण्याआधी तुझा आकडा 95 होता, ते आठव. एक किडनी काढली की क्षमता निम्म्यावर येते. मग उरलेली आकाराने थोडी वाढते, तिच्यातून जास्त रक्त वाहू लागतं आणि पुढच्या काही महिन्यांत एकूण काम आधीच्या साधारण 60 ते 70 टक्क्यांवर स्थिरावतं. 95चे 60 टक्के म्हणजे 57. तुझी किडनी जे करायला हवं तेच करते आहे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, 1.0चं 1.5 झालं तेही याच हिशेबातलं.

एकट्या आकड्याला घाबरू नकोस, तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघ. मी एक वही केली आहे. दरवर्षी चारच गोष्टी लिहितो: रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्बुमिन (हे प्रथिन लघवीत जास्त उतरलं तर किडनीची गाळणी दुखावल्याची खूण), वजन. बारा वर्षांच्या बारा ओळी. क्रिएटिनिन 1.3च्या आसपासच आहे. एकदाच 1.6 झालं होतं, तेव्हा कंबर धरली म्हणून मी आठवडाभर मनानेच दुखण्याच्या गोळ्या घेत होतो. गोळ्या बंद केल्या, तीन आठवड्यांनी आकडा खाली आला. ती ओळ मी लाल पेनने लिहून ठेवली आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात आणि आपल्याकडे मदतीला दुसरी किडनी नाही. ताप आला, दात दुखला, तरी आधी डॉक्टरला सांग की मला एकच किडनी आहे. हे सांगायचा कंटाळा करू नकोस.

"धोका शून्य आहे" असं मी तुला सांगणार नाही. मला तसं सांगितलं गेलं होतं आणि पुढे त्याचाच जास्त त्रास झाला. अमेरिकेतल्या 96 हजारांहून अधिक दात्यांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांत किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण दात्यांमध्ये दहा हजारांत सुमारे 31 आणि दान न केलेल्या, पण तितक्याच निरोगी माणसांत सुमारे 4 निघालं. म्हणजे धोका वाढतो, हे खरं. पण दहा हजारांतल्या 9,969 जणांवर ती वेळ आली नाही, हेही त्याच अभ्यासातलं. आयुष्यभराचा अंदाज दात्यांसाठी दहा हजारांत 90 आणि चाळणी न लावलेल्या सर्वसाधारण लोकांत 326. आपल्याला पारखून घेतलेलं असतं, म्हणून आपण सर्वसाधारण लोकांपेक्षा बऱ्या जागी आहोत. ती जागा टिकवणं मात्र आपल्याकडे आहे. रक्तदाब वाढला आणि वर्षानुवर्षं तपासलाच नाही, मधुमेह जडला, वजन सुटलं, तर एकट्या किडनीवर त्याचा भार पडतो आणि ती बराच काळ तक्रारही करत नाही.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. टाके निघाले आणि माझी फाईल बंद झाली. दादाला दर महिन्याला बोलावणं, मला एकदाही फोन नाही. पाचव्या वर्षापर्यंत मी स्वतःच डॉक्टर शोधत फिरलो. देणारा धडधाकट असतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. तुझं तसं होऊ देऊ नकोस. पुढच्या वेळी लघवीतल्या अल्बुमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण मुद्दाम लिहून घे. तुझ्या रिपोर्टमध्ये ते नाहीच, आणि मला 58पेक्षा त्याची उणीव जास्त खटकते आहे. रक्तदाब घरीही मोजत जा, शांत बसून, हात टेबलावर ठेवून.

आणि हे ताईला सांगायचं नाही, असं तू म्हणालास. मीही दादापासून पहिले दोन रिपोर्ट लपवले होते. त्याला कळलं तेव्हा तो चिडला नाही, गप्प बसला, आणि ते मला फार लागलं. तेव्हापासून दरवर्षी शस्त्रक्रियेच्या तारखेला त्याचा फोन येतो. स्वतःची तब्येत सांगण्याआधी माझे आकडे विचारतो. मी वाचतो आणि तो पलीकडे लिहून घेतो, पेनाचा आवाज येतो मला. त्याचीही वही आहे, मला उशिरा कळलं.

ताईला आजच सांग. पुढच्या तपासणीला मी तुझ्याबरोबर येतो, तारीख तेवढी कळव.

तुझाच,
जुना मित्र