काका, ते झाड आम्हाला मिळालं

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी हर्णैला आले ती राजीनाम्याचा मसुदा घेऊनच. अमेरिकन कंपनीचं पुण्यातलं संशोधन-विकास केंद्र मी सांभाळत होते आणि चांगली चांगली पोरं सोडून चालली होती. कॅलिफोर्नियात दुपारी तीनला काही ठरलं की आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. सकाळी बघावं तर निर्णय झालेला, आमच्या वाट्याला उरलेसुरले बग.

तुम्ही स्वतः असं केंद्र चालवून निवृत्त झालेले, तरी लगेच सल्ला दिला नाहीत. बागेत नेलंत, हातात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, दिलात. पहिलेच दोन हापूस मी देठ मोडून उतरवले. चीक सालीवर ओघळला. "हे डागाळणार," म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलेत. मग अढी लावता लावता म्हणालात, "मोहोरापासून ज्याने राखण केली, त्याला देठ सांभाळ म्हणून सांगावं लागत नाही. नुसत्या तोडणीला आणलेल्या गड्याला रोज सांगावं लागतं. तुझी माणसं यांतली कुठली गो?"

त्या रात्री ओटीवर बसून आपण हेड ऑफिसला पत्र लिहिलं. राखायला एक अख्खं झाड मागावं तसं एक अख्खं मॉड्यूल, म्हणजे उत्पादनाचा एक पूर्ण भाग, मागितलं: डिझाइनपासून ग्राहकाच्या तक्रारींपर्यंत सगळं पुण्याकडे. "पहिल्या सहा महिन्यांत एकही तारीख चुकणार नाही" हे वाक्य तुम्ही आग्रहाने घालायला लावलंत. मला धाडस होत नव्हतं. तेव्हा तुम्ही १९८५ सालची गोष्ट सांगितलीत, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं तेव्हा उपग्रह जोडणीचं सामान बैलगाडीतून गेलं होतं ती. ऐकून धीर आला.

तिकडून आधी नकारच आला. तुम्ही दुसरं पत्र लिहायला लावलंत. मग होकार आला, शिवाय आमचे दोन इंजिनिअर तीन महिने तिकडे राहून आले. आता कुठलाही निर्णय आधी लेखी येतो आणि आमचं उत्तर गेल्याशिवाय पक्का होत नाही. त्या सहा महिन्यांत खरंच एकही तारीख चुकली नाही, काका. गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका मुलीने पुढच्या आवृत्तीचं डिझाइन मांडलं आणि तिकडचे लोक वहीत उतरवून घेत होते. मला तुमची फार आठवण आली.

या मोसमात टीममधल्या सहा जणांना घेऊन येते आहे. तुमच्याकडे झेले दोनच आहेत, बाकीचे आम्ही दापोलीहून घेऊन येऊ.

तुमची,
पुण्याची पुतणी