घुमट बंद असताना

ती. आई-बाबा,
सा. न.

रात्रीचे अडीच वाजलेत. आर्द्रता ९१ टक्के, दुर्बिणीचा घुमट बंद, म्हणून पत्र लिहायला बसले. आरशावर दव धरलं तर त्यावरचा धातूचा थर खराब होतो, त्यामुळे बाहेर चांदणं कितीही लखलखीत असलं तरी आकडा खाली येऊन टिकेपर्यंत दार उघडायचं नाही.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हा सगळा डोलारा चालतो कोणाच्या पैशावर?" मी "सरकारच्या" म्हणून मोकळी झाले. जन्मभर खतावण्या लिहिलेल्या माणसाचं तेवढ्यावर समाधान होणार नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

बांधायला पैसे मिळतात, कारण बांधलेल्यावर नाव लागतं. कॅलिफोर्नियातल्या जेम्स लिकने पियानो बनवून आणि जमिनी घेऊन पैसा केला आणि त्यातले ७ लाख डॉलर दुर्बिणीसाठी ठेवले. १८८८ साली ती सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा देह आणून दुर्बिणीच्या पायाखाली पुरला होता. देणगीदाराची पाटी याहून पक्की काय असणार! हवाईमधल्या केक दुर्बिणीला १९८५ मध्ये केक फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले, तिलाही त्यांचंच नाव.

पण घुमटाच्या चाकांना लागणाऱ्या वंगणाला कोणी आपलं नाव देत नाही. मोठी दुर्बीण म्हणजे दारात बांधलेला हत्ती. उभारणीला जेवढा खर्च आला त्याच्या साधारण ५ ते १० टक्के रक्कम दरवर्षी चालवायला लागते, असा ढोबळ ठोकताळा आहे. दुर्बिणी पन्नास-पन्नास वर्षं चालतात, म्हणजे बेरीज तुम्हीच मांडा.

हा रोजचा भार मग बहुतेक ठिकाणी विद्यापीठं आणि सरकारं वाटून घेतात. मला सगळ्यात आवडते ती युरोपची पद्धत. १९६२ मध्ये पाच देशांनी मिळून युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी ही संस्था काढली. आज १६ देश तिचे सदस्य आहेत आणि प्रत्येकाची वर्गणी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते. दुर्बिणी मात्र चिलीत. डोंगर आणि आकाश त्यांचं, म्हणून तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना दहा टक्के वेळ राखून ठेवलेला असतो. एखाद्या संस्थेने नवा कॅमेरा किंवा प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारा वर्णपटमापक बांधून दिला, तर मोबदल्यात तिला ठराविक रात्री मिळतात. आमच्या धंद्यातलं खरं चलन रात्र आहे बाबा, आणि ढग आले तर ती बुडीत खात्यात.

उरलेल्या रात्री वाटते ती समिती. जगभरातून प्रस्ताव येतात, मागणी उपलब्ध वेळेच्या कित्येक पट असते. अवकाशातल्या हबल दुर्बिणीच्या प्रस्तावांवरची नावं २०१८ पासून परीक्षकांना दाखवत नाहीत, म्हणजे मोठ्या नावाकडे बघून वेळ द्यायची सोय राहिली नाही. फार आधी व्हायला हवं होतं. निवडलेल्यांपैकी बरेच जण इकडे फिरकतही नाहीत. हवा पाहून कोणाचं काम आज लावायचं ते आम्हीच ठरवतो.

आई, तू विचारतेस, "रात्रभर डोळा लावून बसतेस का गं?" डोळा लावायला भिंगच नाही. माझ्यासमोर सहा पडदे आणि एक जाड जाकीट, बस्स.

गेल्या महिन्यात आरशाला नवा थर दिला. वर्ष-दोन वर्षांनी तो चढवावाच लागतो. जुना थर धुऊन काढल्यावर आरसा आरसा राहतच नाही. नुसती जाड, किंचित पिवळसर काच, आणि तिच्यातून खालचे आधार दिसतात. क्रेनने ती उचलली तेव्हा कोणी खोकलं तरी सगळे त्याच्याकडे वळून बघत होते. निर्वात टाकीत नवा थर चढवून बाहेर आली तेव्हा लख्ख! बाबा, एक गणित घाला: ८.२ मीटर व्यासाचा आरसा, वर ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या बारा हजाराव्या भागाएवढा. धातू भरेल जेमतेम डझनभर ग्रॅम. खालची काच वीस टनांहून जास्त. तेवढ्या ग्रॅमांसाठी दुर्बीण कित्येक दिवस बंद, आणि सगळा खर्च त्या दिवसांचा, त्या माणसांचा.

हा हात आखडला की काय होतं हे पोर्तो रिकोतल्या आरेसिबोकडे बघून कळतं. ३०५ मीटरची ती रेडिओ दुर्बीण १ डिसेंबर २०२० ला कोसळली. केबल सुटल्या त्याची कारणं तांत्रिक, पण त्याआधी कित्येक वर्षं तिचा निधी कमी करत आणत होते, आणि पडल्यावर ती पुन्हा बांधायची नाही असंच ठरलं.

आता मूळ मुद्दा. तुमचा फोन झाल्यावर आईचा मेसेज आला, "अगं, त्यांना तुझी नोकरी पक्की आहे का ते विचारायचं होतं." नाही बाबा, पक्की नाही. माझा करार तीन वर्षांचा, आणि पगार त्याच चालवण्याच्या खर्चातून. पुढच्या वर्षी आढावा समिती येईल. कात्री लागलीच तर पहिली रात्रपाळीला लागेल, कारण लांबच्या शहरात बसूनही दुर्बीण चालवता येते. म्हणून मी ते कामही शिकून घेतेय. तिकडे बदली झाली तर निदान दिवसा फोन उचलेन.

आर्द्रता ८४ झालीय. बघते खाली जाऊन.

तुमची,
धाकटी