स्वस्त दराच्या दोन तासांत पाणी तापत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत हीट पंपावर जे छापून आलं ते वाचलं, छान होतं, पण शेवटी एका वाक्यात "रात्रीचा स्वस्त दर घ्या, बिल आपोआप उतरेल" असं म्हणून विषय गुंडाळलाय आणि नेमका तिथेच आमचा घोळ झाला होता म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त आकडे तेवढे राहू द्या.

आमच्याकडे २०० लिटरची टाकी असलेला हीट पंप आहे, फक्त गरम पाण्यापुरता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे यंत्र विजेने पाणी तापवत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं, म्हणजे फ्रिजचंच काम पण उलटं. त्यामुळे एक युनिट वीज खाऊन अडीच-तीन युनिटांची उष्णता देतं, ह्या पटीला सीओपी म्हणतात. १५ अंशांचं २०० लिटर पाणी ५५ पर्यंत न्यायला ९.३ युनिट उष्णता लागते, गिझर असेल तर तेवढी सगळी वीज लागते, हीट पंपाचा सीओपी ३ असेल तर ३.१ युनिटांत काम होतं. इथपर्यंत तुमच्या लेखातही होतं.

आता आमची गंमत. मुलाने वीज कंपनीच्या ॲपमधे एक प्लॅन शोधून काढला, रात्री दोन ते चार एकदम स्वस्त, बाकी दिवसभर नेहमीपेक्षा थोडा जास्त. म्हणाला, आई आपला हीट पंप तसाही टायमरवर आहे, दोन ते चार लावून टाकू, काम फत्ते. लावला. सकाळी पाणी कडकडीत, सगळे खूष. महिन्याने बिल आलं तर युनिट चांगलेच वाढलेले, आणि घरात नवीन काही घेतलेलं नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. यंत्र बसवणाऱ्या माणसाला फोन केला तर म्हणाला थंडी आहे मॅडम, वाढणारच. थंडी होती हे खरं, पण एवढी?

शेवटी मीच एका रात्री अडीच वाजता टॉर्च घेऊन मीटरपाशी जाऊन उभी राहिले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो बघा, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किती वेळा लुकलुकला की एक युनिट, आमच्यावर ३२०० आहे. कॉम्प्रेसर साधारण १ किलोवॅट घेतो असं पाटीवर लिहिलंय, म्हणजे मिनिटाला ५३-५४ वेळा लुकलुकायला हवा. मी मोजायला लागले आणि वीस सेकंदातच ५५ झाले! मिनिटाला १६५, म्हणजे तीन किलोवॅटच्या वर. बाकी घर झोपलेलं, फ्रिज सोडला तर काही चालू नाही. मग ट्यूब पेटली. टाकीत एक २ किलोवॅटचा रॉड असतो, अडीअडचणीला म्हणून दिलेला, तो चालू होता.

का चालू होता तर यंत्राला सांगून ठेवलेलं की चार वाजता ५५ अंश झालंच पाहिजे. थंड रात्री त्याचा सीओपी पडतो अडीचवर, म्हणजे कॉम्प्रेसर तासाला अडीच युनिट उष्णता देणार, थंडगार टाकी तापवायला त्याला पावणेचार तास हवेत आणि आपण दिलेत दोन. बिचाऱ्याने हिशोब केला, एकट्याने जमत नाही म्हणून रॉडला हाताशी घेतलं. दोन तासांत कॉम्प्रेसरचे दोन आणि रॉडचे चार, झाले सहा युनिट. तेच काम दुपारी, बाहेर ऊन असताना, सीओपी ३.३ च्या आसपास असतो तेव्हा केलं असतं तर पावणेतीन-तीन युनिटांत झालं असतं. म्हणजे रात्रीचा दर दुपारच्या निम्म्याहूनही कमी असेल तरच आमचा फायदा, आणि तेवढा कमी तो नव्हताच. स्वस्त वीज दुप्पट घेऊन आम्ही स्वतःची पाठ थोपटत होतो.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते, दर एकटा बघू नका, दराला सीओपीने भागा. समजा रॉडची भानगड नाही, वेळ भरपूर आहे, तरी रात्री २.८ आणि दुपारी ३.५ असा सीओपी मिळत असेल तर रात्रीचा दर दुपारच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त उतरल्याशिवाय रात्री चालवण्यात काही राम नाही. २० टक्के सूट म्हणजे फक्त बरोबरी. गिझरला हा प्रश्नच नाही, तो रात्री चालवा नाहीतर दुपारी, युनिट तेवढेच लागणार, त्यामुळे गिझरच्या काळातला सल्ला आपण हीट पंपाला तसाच चिकटवतो. इंग्लंडमधे १९७८ साली इकॉनॉमी सेव्हन नावाचा दर आला, रात्रीचे सात तास स्वस्त, पण तो रात्री विटा तापवून दिवसभर ऊब देणाऱ्या हीटरांना आणि टाकीतल्या रॉडला सोयीचा होता. जपानमधे २००१ मधे इकोक्यूट नावाचे पाणी तापवणारे हीट पंप बाजारात आले तेही रात्रीच्या स्वस्त विजेवर चालायचे म्हणून, आणि आता तिथेच दिवसा सोलरच्या विजेवर चालणारी मॉडेल निघाली आहेत. म्हणजे ज्यांनी रात्रीचा पायंडा पाडला तेच दुपारकडे वळलेत.

दुसरी चूक आमची अजून मोठी होती आणि ती मला नंतर कळली. वेळेनुसार दराचा प्लॅन हा फक्त हीट पंपाचा नसतो हो, अख्ख्या घराचा असतो! आपण तीन युनिट स्वस्त वेळेत ढकलल्याचा आनंद करतो आणि संध्याकाळी सगळे घरी आल्यावर स्वयंपाक, टीव्ही, दिवे, वॉशिंग मशीन, इस्त्री ह्यात सहा युनिट महाग वेळेत जातात. स्वस्त वेळ २० टक्के कमी आणि महाग वेळ २० टक्के जास्त असा सरळ हिशोब धरला तरी वाचले ०.६ युनिटाचे पैसे आणि वर गेले १.२ चे. आमच्याकडे सासूबाईंना संध्याकाळी सातच्या आत कपडे मशीनला लावायचेच असतात, त्यांना कोण सांगणार पीक अवर म्हणजे काय. (त्यांनीच आधी सांगितलं होतं की रात्रीबेरात्री बाहेर ते धूड घुमतं, झोप मोडते, पण आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. शेजाऱ्यांचंही मत फार वेगळं नव्हतं.)

ज्यांच्याकडे वेळेचा दर नाही, नुसते स्लॅब आहेत, त्यांनी वेळेची चिंता सोडा, दुपारी जेव्हा हवा सगळ्यात गरम तेव्हा चालवा, बास. पण एक बघा, बचत किंवा वाढ धरताना बिलाची सरासरी धरू नका, वरच्या स्लॅबचा दर धरा. गिझर काढून हीट पंप लावला तर जे युनिट कमी होतात ते वरच्या, महागड्या स्लॅबमधले कमी होतात, म्हणून फायदा वाटतो त्याहून जास्त. आणि गॅसवरचं पाणी बंद करून हीट पंपावर आलात तर उलटं, वाढणारं प्रत्येक युनिट महागड्या स्लॅबचं.

काही ठिकाणी हीट पंपाला वेगळं मीटर आणि वेगळा दर मिळतो, ऐकायला छान वाटतं. पण वेगळं मीटर म्हटलं की वेगळा स्थिर आकार आला, पाणी तापवा न तापवा तो भरायचाच. रोज तीन युनिट म्हणजे वर्षाला हजार-अकराशे युनिट, दुसऱ्या मीटरचा वर्षाचा स्थिर आकार ह्या आकड्याने भागा, जे येईल त्याहून दरातला फरक मोठा असला तरच त्या वाटेला जा. नुसत्या पाण्यासाठी बहुतेक वेळा जमत नाही, घर गरम करायला यंत्र असेल तर जमू शकतं कारण तिथे युनिट खूप जास्त असतात. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून असं आहे की ४.२ किलोवॅटपेक्षा मोठा नवीन हीट पंप असेल तर वितरण कंपनी गर्दीच्या वेळी त्याला ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते, पूर्ण बंद करू शकत नाही, आणि त्या बदल्यात ग्राहकाला नेटवर्कच्या शुल्कात सूट. हा सौदा मला बरा वाटतो, थोडा वेळ हळू चालला म्हणून कुणी गारठत नाही.

घर गरम करणाऱ्यांसाठी मी अधिकाराने काही बोलू शकत नाही, पण बहिणीकडे आहे, तिचा अनुभव असा की महाग वेळ टाळायला यंत्र चार-पाच तास बंद ठेवलं की घर गार पडतं आणि मग ते परत आणायला घरभर पाइपांतून फिरणारं पाणी जास्त तापमानाला पाठवावं लागतं, तिथे सीओपी कोसळतो. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण दोन-अडीच टक्के कार्यक्षमता जाते, हे टाकीलाही लागू आहे. तिने बंद करणं सोडलं, महाग वेळेच्या आधी एखादा अंश वर नेते आणि त्या वेळात एखादा अंश खाली येऊ देते. फरशीखाली पाइप असलेल्या घरात हे अजून सोपं जातं म्हणे, फरशी ऊब धरून ठेवते.

आता माझं म्हणणं काय. वीज कंपन्या प्लॅन विकताना फक्त सगळ्यात स्वस्त तासाचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात. स्मार्ट मीटर बसलंय, दर तासाला आम्ही किती वापरतो ते त्यांच्याकडे पडून आहे, मग प्लॅन बदलायच्या आधी "तुमच्या गेल्या वर्षीच्या वापरावर ह्या प्लॅनने बिल एवढं झालं असतं" हे एक वाक्य दाखवायला काय जातं? आम्ही मागितलं तर महिन्याचे एकूण युनिट मिळाले, ते तर बिलावरच होते. आणि यंत्र बसवणाऱ्यांनी जाताना एक कागद तरी हातात द्यावा, रॉड कधी लागतो, तो बंद कुठून करायचा, थंडीत टाकी तापायला किती तास लागतात. आमच्या रिमोटवर ती सेटिंग तिसऱ्या मेनूत होती, इंग्रजी आद्याक्षरांत, मुलाला पण सापडायला अर्धा तास लागला. तुमच्यासारख्या पेपरने हे लावून धरलं तर बरं होईल, निदान पुढच्या लेखात "रात्र स्वस्त" एवढंच लिहू नका.

आम्ही परत साध्या एकाच दरावर आलोय. टायमर दुपारी बारा ते चार, तापमान ५० वर आणलंय, सकाळपर्यंत चार-पाच अंश उतरतं पण आंघोळीला पुरून उरतं. रॉड आठवडाभर बंद, फक्त रविवारी दुपारी चालू करतो आणि पाणी ६० च्या वर नेतो, साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात म्हणून, ते मात्र टाळू नका. आणि वीज गेली की आमच्या टायमरचं घड्याळ तेवढंच मागे पडतं, आत बॅटरी नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा ते बघावं लागतं. मागच्या महिन्यात पन्नास मिनिटं मागे होतं.

आपली,
एक नियमित वाचक